गोळा हवेत असताना

पुण्यात निवृत्त सेनाधिकाऱ्यांची वस्ती मोठी आहे, त्यामुळे थिएटर कमांडचा, म्हणजे एका आघाडीवरची तिन्ही दले एका सेनापतीखाली आणण्याचा, वाद इथे वर्तमानपत्राच्या पानावरच राहत नाही. तो सकाळच्या फेरफटक्याला, पेन्शनच्या रांगेत आणि व्याख्यानानंतरच्या चहालाही सोबत येतो. अलीकडेच अशाच एका चर्चेला मी श्रोता म्हणून बसलो होतो. एका बाजूचे म्हणणे होते की प्रत्येक आघाडीला एकच सेनापती हवा आणि तिन्ही दलांची साधने त्याच्या हाती हवीत. दुसरी बाजू म्हणत होती की हवाई दलाचे असे तुकडे पाडून वाटप करता येत नाही. दोन्हीकडचे वक्ते अनुभवी होते, भाषा सभ्य होती आणि दोन तासांत कोण कोणाच्या हाताखाली काम करील, मुख्यालय कोठे असेल, त्यावर किती तारे असतील याचा सांगोपांग विचार झाला. डोंगराच्या माथ्यावर बसलेल्या एखाद्या कॅप्टनने विमानाचा मारा मागितला तर तो किती मिनिटांत मिळतो आणि त्या कॅप्टनचा आवाज वैमानिकाला थेट ऐकू जातो का, हे मात्र एकानेही विचारले नाही.

माझे मत आधीच सांगून टाकतो. थिएटर कमांडला माझा विरोध नाही. त्या झाल्या तर बरेच. पण तोफा, रॉकेट, विमाने, हेलिकॉप्टर आणि युद्धनौका यांचा एकत्रित मारा ही वरून हुकूम काढून साधणारी गोष्ट नाही. ती कॅप्टन, फ्लाइट लेफ्टनंट आणि रेडिओ ऑपरेटर यांच्या पातळीवर वर्षानुवर्षांच्या सरावाने मुरावी लागते आणि त्या सरावासाठी कमांडच्या नकाशाची वाट पाहण्याचे कारण नाही. हा सराव न करता उभारलेली थिएटर कमांड म्हणजे एकाच छपराखाली मांडलेल्या तीन वेगळ्या चुली होतील.

तोफखान्याबाहेरच्या वाचकासाठी इथे जरा थांबायला हवे, कारण सारा प्रश्न एका मिनिटात सामावलेला आहे. तीस किलोमीटरवर मारा करणारा 155 मिलिमीटर तोफेचा गोळा सरळ जात नाही. तो वाटेत आठ-दहा किलोमीटर उंच चढतो, म्हणजे प्रवासी विमाने ज्या उंचीवरून उडतात जवळपास तितका, आणि मिनिटाहून अधिक काळ हवेत असतो. त्याच मिनिटात त्याच आकाशात जखमींना न्यायला आलेले हेलिकॉप्टर असू शकते, पायदळाने सोडलेला ड्रोन असू शकतो आणि लक्ष्यावर झेपावणारे आपलेच लढाऊ विमान असू शकते. यांना एकमेकांपासून दूर ठेवण्याचे मार्ग तीनच: उंची वेगळी ठेवणे, बाजू वेगळी ठेवणे किंवा वेळ वेगळी ठेवणे. नाल्याच्या पूर्वेला तोफा मारतील आणि विमान पश्चिमेकडून येऊन पश्चिमेलाच वळेल; किंवा दहा वाजून चार मिनिटांपासून सहा मिनिटांपर्यंत तोफा गप्प राहतील. सराव नसलेली माणसे यातला सर्वांत आळशी मार्ग निवडतात: विमान येणार म्हणून अर्धा-पाऊण तास सगळ्या तोफा बंद. शत्रूचा विमानविरोधी क्षेपणास्त्र खांद्यावर घेऊन बसलेला माणूस नेमकी याच शांततेची वाट पाहत असतो. विमान खाली येते त्या दोन मिनिटांत त्याने मान वर काढता कामा नये, ही तोफखान्याची जबाबदारी आहे. पण तोफखान्याला ती दोन मिनिटे कोणती हे सेकंदापर्यंत माहीत हवे आणि वैमानिकाला आपल्या डोक्यावरून जाणाऱ्या गोळ्यांवर विश्वास हवा. हा विश्वास परिपत्रकातून येत नाही.

मी स्वतः तोफखान्यात असताना, नव्वदच्या दशकात, एका वाळवंटी रेंजवर निरीक्षण चौकीत, म्हणजे आमच्या भाषेत ओपीवर, बसलो होतो. माझ्या शेजारी विमानांना मार्गदर्शन करणारा हवाई दलाचा अधिकारी होता. माझ्या हातात तोफांशी बोलणारा संच, त्याच्या हातात विमानांशी बोलणारा संच; दोन्ही संच एकमेकांशी बोलत नव्हते, त्यामुळे आम्ही दोघे दोन संचांमधली तार झालो होतो. विमाने ठरल्यापेक्षा चार मिनिटे आधी आली. माझे गोळे सुटलेले होते. त्याने माझ्या खांद्याला हात लावून फक्त वर बोट दाखवले. मी फायर थांबवायला सांगितले, पण हवेत असलेला गोळा कोणाचे ऐकत नाही. त्या चाळीसेक सेकंदांत आम्ही दोघेही एकमेकांकडे पाहिले नाही. काही झाले नाही, नशीब. संध्याकाळी सरावाचा अहवाल आला तेव्हा त्यात एक ओळ होती: ‘दोन्ही दलांतील समन्वय समाधानकारक.’ तो शब्द तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

एकच सेनापती नेमला की हे सारे आपोआप जुळते, असे मानणाऱ्यांना मी पानिपताची आठवण करून देतो. 14 जानेवारी 1761 रोजी मराठ्यांच्या बाजूला सेनापती एकच होता. सदाशिवरावभाऊंच्या अधिकाराविषयी कोणाला शंका नव्हती. इब्राहिमखान गारद्याच्या शिस्तबद्ध पलटणी आणि तोफा सकाळी रोहिल्यांना मागे रेटत होत्या. अशा वेळी बाजूचे घोडदळ अधीर होऊन पुढे घुसले, गारद्यांच्या बाजूला जी फट ठेवायची ती राहिली नाही आणि आपलेच घोडेस्वार आपल्याच तोफांच्या तोंडासमोर आल्याने त्यांना मारा आवरावा लागला, अशी हकीकत आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पानिपतच्या पराभवाची कारणे अनेक आहेत: उपासमार, विश्वासरावांचा मृत्यू, दिल्लीपासून तुटलेली रसद. पण तोफ आणि घोडा यांचा संसार नवा होता, हे कारण त्यात कमी महत्त्वाचे नाही. गारदी निजामाकडून मराठ्यांकडे येऊन फार काळ लोटला नव्हता. गोलाची लढाई, म्हणजे फळी न मोडता सगळ्यांनी एकत्र सरकत लढायची पद्धत, भाऊंना आणि गारद्याला पटली होती. ती ज्यांनी प्रत्यक्ष लढायची त्या सरदारांच्या घोड्यांना तिची सवय नव्हती. एकछत्री हुकूम होता, एकत्र सराव नव्हता. याहून नेमके उदाहरण थिएटर कमांडच्या भाबड्या समर्थकांना मी कोणते देऊ?

आता त्यांचा सर्वांत बळकट मुद्दा घेतो, कारण तो खरोखर बळकट आहे. ते म्हणतात: आपखुशीने सराव करा असे सांगून पाहिले, झाले काय? कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या समितीने उणिवा दाखवल्या, 2001 साली मंत्रिगटाने संरक्षण दल प्रमुखपदाची शिफारस केली, अंदमान-निकोबारला तिन्ही दलांची पहिली संयुक्त कमांड झाली. आणि पहिल्या संरक्षण दल प्रमुखाने प्रत्यक्षात सूत्रे हाती घेतली ती 1 जानेवारी 2020 रोजी. ज्याच्या हाती बढती आणि पैसा आहे तो स्वतःच्या दलाचाच विचार करणार. दुसऱ्या दलाबरोबरचा सराव ही त्याच्या दृष्टीने पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली क्रोकरी. अमेरिकेलासुद्धा 1986 साली संयुक्त सेनापतींना अधिकार देणारा गोल्डवॉटर-निकोल्स कायदा करावा लागला. हे सगळे खरे आहे आणि मी ते नाकारत नाही.

पण अमेरिकेचे उदाहरण देणारे ते अर्धेच देतात. तिथे संयुक्त कमांड 1986 साली जन्मल्या नाहीत. त्या दुसऱ्या महायुद्धानंतर लगेचच अस्तित्वात आल्या होत्या. एप्रिल 1980 मध्ये इराणच्या वाळवंटात ओलिसांच्या सुटकेची मोहीम फसली आणि आठ जण मेले, तेव्हा त्या होत्या. ऑक्टोबर 1983 मध्ये ग्रेनाडात नौदलाच्या विमानांनी आपल्याच पायदळाच्या ब्रिगेड मुख्यालयावर मारा केला, तेव्हाही होत्या. सेनापतींना पुरेसा अधिकार नव्हता म्हणून हे झाले, असे उत्तर येईल, आणि ते काही अंशी बरोबर आहे. मग कायद्याने अधिकार दिल्यानंतर काय झाले? 14 एप्रिल 1994 रोजी उत्तर इराकच्या आकाशात अमेरिकी हवाई दलाच्या दोन एफ-15 विमानांनी अमेरिकी लष्कराची दोन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरे पाडली आणि त्यांतील सर्व 26 जण मारले गेले. वर टेहळणीचे अवॅक्स विमान होते, खाली एक संयुक्त सेनापती होता. हेलिकॉप्टरे ओळखीचा चुकीचा संकेत पाठवत होती, त्यांचा रेडिओ वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर होता आणि रोजच्या उड्डाणपत्रकात त्यांची नीट नोंद नव्हती. हुकमाची साखळी शाबूत होती. तुटल्या होत्या त्या सवयी. 1986 च्या त्या कायद्यातला खरा चावणारा दात माझ्या मते दुसराच होता: दुसऱ्या दलांबरोबर काम केल्याशिवाय जनरल किंवा ॲडमिरल होता येणार नाही, ही अट. आपल्याकडे 2023 साली आंतरदलीय संघटनांसाठी कायदा झाला आणि 10 मे 2024 पासून तो लागू झाला. त्याने संयुक्त संस्थेच्या प्रमुखाला तिन्ही दलांच्या माणसांवर शिस्तीचा अधिकार मिळाला. चांगले झाले. पण शिस्तीचा अधिकार चूक झाल्यावर उपयोगी पडतो. चूक होऊ नये याची व्यवस्था बढतीच्या निकषांत असते.

आपला स्वतःचा इतिहास याहून वेगळा नाही, फक्त आपण त्यातले विजय सांगतो. 1971 चे लोंगेवाला सर्वांना पाठ आहे: 4 आणि 5 डिसेंबरच्या मधल्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या कंपनीने रणगाड्यांना थोपवून धरले आणि उजाडताच जैसलमेरची हंटर विमाने आली. त्यात हलक्या कृषक विमानातून रणगाड्यांवर घिरट्या घालत हंटरना लक्ष्य दाखवणारे मेजर आत्मासिंग फारसे कोणाला आठवत नाहीत. संयुक्त मारा म्हणजे नेमके ते विमान. आणि त्याच महिन्यात, 10 डिसेंबरला, खुलन्याजवळ नदीत काय झाले? आपल्या मराठी मुलुखाचे कमांडर सामंत यांच्या नेतृत्वाखाली आयएनएस पनवेल आणि मुक्तिवाहिनीच्या पद्मा व पलाश या गनबोटी पुढे सरकत होत्या. आपल्याच नॅट विमानांनी त्यांना शत्रू समजून मारा केला. पद्मा आणि पलाश गेल्या, पलाशवरचे रुहुल अमीन मारले गेले आणि बांगलादेशाने त्यांना वीरश्रेष्ठ हा सर्वोच्च सन्मान दिला. सामंतांना महावीरचक्र मिळाले. जिंकलेल्या युद्धातली चूक म्हणून आपण ती तळटीपेत ढकलली. हरलेल्या युद्धात तिच्यावर चौकशी बसली असती.

कोणी म्हणेल, ही 1971 ची गोष्ट, तेव्हा साधने नव्हती. मग 27 फेब्रुवारी 2019 चे बडगाम? बालाकोटच्या दुसऱ्या दिवशीच्या धुमश्चक्रीत आपल्याच क्षेपणास्त्राने आपले एमआय-17 हेलिकॉप्टर पडले. हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक मृत्युमुखी पडला. क्षेपणास्त्रही हवाई दलाचे, हेलिकॉप्टरही हवाई दलाचेच. एकाच दलात, एकाच गणवेशात, एकाच हुकमाखाली हे घडले. तेव्हा तीन दले एका छत्राखाली आणली की गोंधळ संपेल हा हिशेब कोणत्या गणिताने मांडायचा?

कारगिलमध्ये तर एका युद्धाला दोन नावे होती: लष्कराचे ‘ऑपरेशन विजय’ आणि हवाई दलाचे ‘सफेद सागर’. मे 1999 मध्ये लष्कराने सशस्त्र हेलिकॉप्टरे मागितली, हवाई दलाने त्या उंचीवर ती चालणार नाहीत असे सांगितले आणि राजकीय परवानगीचा मुद्दाही काढला. दोघांचे म्हणणे आपापल्या जागी रास्त होते. अडचण अशी की इतक्या उंचीवर काय चालते आणि काय नाही हे दोघांनी मिळून शांततेच्या काळात कधी तपासलेच नव्हते. ते शत्रू शिखरावर बसल्यावर तपासायला घेतले. 27 मे रोजी दोन विमाने गेली, 28 मे रोजी एक एमआय-17 गेले. मग उंचीवरून बॉम्बफेकीची पद्धत बदलली, 24 जूनला मिराज विमानांनी टायगर हिलवर लेझर-मार्गदर्शित बॉम्ब टाकले आणि 4 जुलैला पायदळ त्या माथ्यावर पोहोचले. आपली माणसे लवकर शिकतात याचा हा पुरावा आहेच. पण शिकवणी रणांगणावर घेतली की तिची फी कोण भरतो?

पुण्यात हा विषय निघाला की कोणीतरी खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीकडे बोट दाखवते. तिन्ही दलांचे छात्र तीन वर्षे एकत्र राहतात, एकाच मेसमध्ये जेवतात, एकाच मैदानावर रगडा खातात; जगात अशी प्रबोधिनी दुर्मीळ, मग आणखी सराव कशाला? प्रबोधिनीचा अभिमान मलाही आहे; प्रसंगी ज्याला रात्री फोन करता येतो असा हवाई दलातला कोर्समेट मलाही तिनेच दिला. पण खडकवासल्याहून निघाल्यावर एक डेहराडूनला जातो, एक डुंडीगलला, एक एझिमलाला, आणि पुन्हा एका वर्गात बसतात ते वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजात, मेजर झाल्यावर. मधली जी दहा-बारा वर्षे माणूस प्रत्यक्ष तोफ डागतो आणि विमान उडवतो, त्याच वर्षांत तो दुसऱ्या दलाला ओळखत नाही. शिवाय सगळे अधिकारी प्रबोधिनीतून येत नाहीत आणि रेडिओवर बसणारा हवालदार तर कधीच आलेला नसतो. कोर्समेटच्या ओळखीवर चालणारा समन्वय हा उसना समन्वय आहे. त्या कोर्समेटची बदली झाली की तो त्याच्या ट्रंकेत जातो.

हवाई दलाचा आक्षेप वेगळा आणि अधिक गंभीर आहे. ऑगस्ट 2025 मध्ये महू येथे हवाई दलप्रमुखांनी थिएटर कमांडची घाई नको, असे उघड सांगितले. लढाऊ विमानांच्या तुकड्यांची, म्हणजे स्क्वॉड्रनची, मंजूर संख्या 42. सप्टेंबर 2025 मध्ये मिग-21 निवृत्त झाल्यावर उरली 29. एवढ्यात आकाशावर वर्चस्व राखायचे, दूरवर मारा करायचा आणि वर प्रत्येक कोअर कमांडरच्या दारात चार विमाने बांधून ठेवायची? विमानाचे बळ त्याच्या लवचीकपणात असते, सकाळी पश्चिमेला आणि संध्याकाळी उत्तरेला. ते वाटून टाकणे म्हणजे पाण्याची टाकी फोडून प्रत्येकाला तांब्याभर देणे. मला हा युक्तिवाद बहुतांशी मान्य आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष उलट आहे. विमाने कमी आहेत म्हणूनच प्रत्येक उड्डाण नेमक्या लक्ष्यावर, नेमक्या मिनिटाला लागायला हवे, आणि एका तोफेच्या आवाक्यातल्या लक्ष्यावर मिराज पाठवण्याची चैन परवडायला नको. कोणत्या लक्ष्यावर तोफ, कोणत्यावर पिनाक रॉकेट, कोणत्यावर ब्राह्मोस क्षेपणास्त्र आणि कोणत्यावर विमान, हे एका टेबलाशी बसून ठरवायची सवय नसेल तर एकाच पुलावर तिघे मारा करतील आणि शेजारच्या पुलावर कोणीच नाही. पाषाणच्या प्रयोगशाळेत आकाराला आलेल्या पिनाकचा पल्ला आता वाढत चालला आहे. ब्राह्मोस लष्कराकडे आहे, नौदलाकडे आहे आणि सुखोईवरही आहे. जो पल्ला पूर्वी फक्त वैमानिकाचा होता तो आता तोफखान्याचाही झाला. हद्दीची भांडणे यापुढे वाढणार आहेत.

विमाने न वाटताही हे साधते याचा दाखला जुना आहे. 1944 च्या जुलैमध्ये नॉर्मंडीत ‘कोब्रा’ मोहिमेच्या वेळी अमेरिकी जड बॉम्बफेकी विमानांनी आपल्याच सैन्यावर बॉम्ब टाकले. शंभरहून अधिक सैनिक मेले, त्यांत लेफ्टनंट जनरल मॅकनेअरही होते. विमाने आघाडीवरच्या रस्त्याला समांतर येतील अशी भूदलाची समजूत होती, ती काटकोनात आली. त्याच मोहिमेत हवाई दलाच्या क्वेसाडा नावाच्या सेनापतीने एक साधी गोष्ट केली: आघाडीच्या रणगाड्यांत विमानांशी बोलणारे रेडिओ बसवले आणि त्यांत वैमानिक बसवले. रणगाड्यातला वैमानिक आकाशातल्या वैमानिकाशी त्याच्या भाषेत बोलू लागला. विमाने हवाई दलाच्याच ताब्यात राहिली. नवी कमांड निघाली नाही. बदलले ते रणगाड्यातल्या एका आसनावर कोण बसले एवढेच.

तिसरा आक्षेप तंत्रज्ञानवाद्यांचा. ‘सिंदूर’ मोहिमेत मे 2025 मध्ये लष्कराची आकाशतीर ही हवाई संरक्षण प्रणाली आणि हवाई दलाची हवाई संरक्षण जाळ्याची प्रणाली एकमेकींशी जोडून काम करत होत्या. जुन्या एल-70 विमानविरोधी तोफांनीही ड्रोन पाडले. मग यंत्रेच बोलत असताना माणसांच्या सरावाचा आग्रह का? ते यश निर्विवाद आहे. पण ते बचावातले आहे, जिथे आकाशात दिसणारी बहुतेक वस्तू शत्रूची असते. हल्ल्यात आकाश आपल्याच वस्तूंनी भरलेले असते. पडद्यावर ठिपका दिसतो. तो थांबवायचा की जाऊ द्यायचा हे वीस सेकंदांत ठरवणाऱ्या माणसाने तो निर्णय आधी पन्नासदा घेतलेला असावा लागतो. बडगामला पडदे नव्हते काय?

उरला खर्चाचा आणि प्रात्यक्षिकांचा मुद्दा. त्यावर फार शब्द घालवत नाही. पोखरणला मार्च 2024 मध्ये ‘भारत शक्ती’सारखी भव्य त्रिदलीय प्रात्यक्षिके झाली, ती पाहताना ऊर भरून येतो. पण मान्यवरांसमोर जे होते त्यात काही चुकून चालत नाही, आणि ज्यात चुकून चालत नाही तो सराव नव्हे. नाटकाची रंगीत तालीमसुद्धा प्रेक्षकांविना असते.

हे सारे करायला जागा शोधत दूर जावे लागत नाही. देवळालीला तोफखान्याची शाळा आहे, नाशिक रोडला लष्करी हेलिकॉप्टरच्या वैमानिकांचे प्रशिक्षण होते, अहिल्यानगरला चिलखती दलाचे केंद्र आणि मारा करायची रेंज आहे, लोहगावला सुखोई आहेत, मुंबईत पश्चिम नौदल कमांड आहे आणि पुण्यात दक्षिण कमांडचे मुख्यालय. मोटारीने एका दिवसात फिरून येता येईल एवढ्या टापूत तिन्ही दलांचे शिक्षक राहतात. देवळालीच्या तरुण अधिकाऱ्याने अभ्यासक्रमातले काही आठवडे लोहगावला वैमानिकांच्या ब्रीफिंगमध्ये घालवावेत, तरुण वैमानिकाने तितकेच आठवडे ओपीवर धूळ खावी, त्यांचे रेडिओ ऑपरेटरही सोबत जावेत आणि वर्षातून दोनदा अहिल्यानगरच्या रेंजवर दोघांनी मिळून खरा गोळा आणि खरा बॉम्ब टाकावा. शामियाना नको, समालोचक नको. अहवालात चार वेळांची नोंद असावी: मागणी कधी केली, ती कधी मंजूर झाली, वैमानिकाचा आवाज ओपीवर कधी ऐकू आला, पहिला मारा लक्ष्यावर कधी लागला. खाली कॅप्टनची आणि वैमानिकाची सही असावी आणि एकेक प्रत दोघांच्याही वार्षिक गोपनीय अहवालाला जोडावी. त्या कागदावर ‘समाधानकारक’ हा शब्द लिहायला मात्र बंदी असावी. त्या जागी मिनिटे लिहावीत.